सख्ख्या बहिणीविरुद्ध

एडिल्माने आहियाकोची, बटाट्याच्या सुपाची, वाटी पुढे सरकवली, आणि यामिलेने ती तशीच परत ढकलली!

“ताई... कामगार खात्याकडे तक्रार घेऊन कोण गेलं होतं, तुला ठाऊक आहे ना?”

यामिले गुलाबांच्या मळ्यावर कृषितज्ज्ञ होती. कालच तिला कामावरून काढलं होतं. त्याच मळ्यात फुलांची प्रतवारी करणारी तिची थोरली बहीण समोर मान खाली घालून बसली होती.

“मी गेले होते.”

“तू...?”

“तुला किती वेळा विनवलं, यामिले! फवारणी झाली की औषध सुकेपर्यंत पॉलिहाऊसमध्ये कुणी जायचं नाही. तू बायकांना आधीच आत पाठवायचीस.”

“हुकूम वरून यायचा! फेब्रुवारीतल्या प्रेमदिनाचा हंगाम. फुलांसाठी विमान थांबणार होतं का?”

“लेइदीचं बाळ तरी कुठे थांबलं गं?”

यामिलेचा चेहरा पांढराफटक पडला. मळ्यातली पाच महिन्यांची गरोदर कामगार लेइदी फवारलेल्या ओल्या पानांतच कोसळली होती, आणि तिला उचलून बाहेर आणणाऱ्यांत एडिल्मा होती.

“मग मालकाचं नाव द्यायचं! माझं का दिलंस?”

“दोघांचं दिलं. त्याच्याकडे वकील होते.”

“आणि माझ्याकडे तू होतीस!” यामिले किंचाळली. “आई असती तर तिने असं केलं असतं?”

आई...! यामिलेला जन्म देऊन ती गेली, तेव्हा एडिल्माने ठरलेलं लग्न मोडून ते ओलं गाठोडं छातीशी धरलं होतं. पुढे रोज पहाटे मळ्यात फुलं कापून त्या गाठोड्याला विद्यापीठापर्यंत पोचवलं होतं. यातलं एक अक्षरही तिच्या ओठांवर आलं नाही. ती एवढंच म्हणाली,

“उद्या एखादी मेली असती, यामिले... तुझ्या हातून. ते मला सोसलं नसतं.”

“म्हणून माझाच गळा कापलास! वा, ताई! आजपासून मला बहीण नाही.”

ती गेली. जेवण तसंच राहिलं.

आठवडाभरात एडिल्माचंही काम सुटलं. पावाच्या दुकानात शिरली की तिच्या तक्रारीमुळे ओव्हरटाइम बुडालेल्या बायका एकमेकींना कोपराने ढोसत, “हळू बोला गं, सरकारचे कान आले!” ती पाव घेऊन निघून जाई. घरोघरचे कपडे धुऊन ती पोट भरू लागली, आणि धुताना रडलं तर कुणाला कळत नाही, हेही शिकली...

वर्ष उलटल्यावर शेजारची ओडिलिया फणफणत आली. शेजारच्या गावच्या मळ्यावर तिला नुकतंच काम लागलं होतं, आणि तिथे यामिले होती, पूर्वीपेक्षा खालच्या जागेवर.

“काय खडूस आहे हो तुमची बहीण, एडिल्माबाई! आज ऑर्डर निघायची होती. साहेब ओरडतोय, ‘बायकांना आत सोड!’ आणि ही दोन्ही हात पसरून पॉलिहाऊसच्या दारात उभी! म्हणते, ‘औषध ओलं आहे, आधी मला तुडवून जा.’ आमचा बोनस बुडाला ना! उद्या तिलाही हाकलतील बघा.”

एडिल्माच्या हातातली ओली चादर जमिनीवर पडली.

“कुणी गेलं आत?”

“कोण जाणार? डोळे बघायचे होते तिचे!”

“माझ्याबद्दल... काही विचारलं तिने?”

ओडिलियाचा आवाज एकदम खाली आला. “मीच विषय काढला. म्हणाली, मला कुणी नाही.”

एडिल्मा उंबऱ्यावर बसली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, तरी चेहऱ्यावर असं काही उजळलं होतं की ओडिलिया पाहतच राहिली.

“असू दे,” ती म्हणाली. “मी तिची कुणी नसले तरी चालेल. बायका सुखरूप घरी गेल्या ना...!”