शून्याची रेघ

झाडं दिवसा बारीक होतात आणि रात्री जाड, असं सांगितलं की लोक माझ्याकडे जरा संशयानंच बघतात. पण ते खरं आहे. उन्हात पानांतून पाणी उडून जातं तसं खोड आकसतं. रात्री मुळं पाणी ओढतात तसं ते पुन्हा फुगतं. फरक केसाएवढा. तो मोजायला आम्ही खोडाला पोलादी पट्टी बांधतो, आणि तिच्यावरचा सेन्सर ऑफिसातल्या संगणकावर रेघ काढत राहतो. उन्हाळे असेच तापत गेले तर कुठलं जंगल तगेल आणि कुठलं तोडून तिथे काटक जातीची झाडं लावावी लागतील, हे सांगणं माझं काम.

यंदा नंबर लागला होता मामाच्या राईचा. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. नोकरीत असताना त्यानं ती राई रोप रोप लावून वाढवली आणि निवृत्तीनंतर तिच्या कडेच्या घरातच मुक्काम ठोकला. लग्नाचं काढलं की म्हणायचा, "एवढ्यांना पाणी घालतोय, त्यात आणखी एक कुठे?" अहवाल वाईट आला तर राई तोडली जाईल, हे त्याला ठाऊक होतं. भाची असले तरी मी आकड्यांत इकडचं तिकडे करणार नाही, हेही.

आमची एक पद्धत आहे. एक पट्टी नेहमी मेलेल्या झाडाला बांधायची. ते पाणी पीत नाही, तेव्हा त्याची रेघ सपाट यायला हवी. ऊन-थंडीनं पट्टी स्वतःच हलली तर तेवढीच हालचाल तिथे दिसते, आणि ती आम्ही बाकीच्या झाडांतून वजा करतो. राईच्या मध्यावर तसं एक वठलेलं झाड होतं. साल गळालेली, बोटानं ठोकलं तर पोकळ वाजणारं.

त्याची रेघ सपाट आली नाही. दिवसा खाली, रात्री वर, शेजारच्या हिरव्या झाडांच्या अगदी बरोबरीनं. वजाबाकी केली की प्रत्येक झाडाच्या वाट्याला शून्य. म्हणजे कागदावर अख्खी राई मेलेली.

आमच्या तंत्रज्ञाला आम्ही स्क्रू म्हणतो, कारण जगातली प्रत्येक अडचण त्याच्या मते कुठल्यातरी ढिल्या स्क्रूमुळे असते. त्यानं पट्टी बदलली, काही फरक पडला नाही. मग आम्ही सुतारखान्यातून वाळलेला खांब आणला. ऑफिसच्या व्हरांड्यात त्याची रेघ सपाट होती. राईत रोवला, तर दुसऱ्या दिवसापासून तोही पाणी पिऊ लागला. शेवटी लोखंडी नळ रोवला.

"लोखंड कधीपासून पाणी प्यायला लागलं?" संगणकाकडे बघत मी म्हणाले.

स्क्रूनं हातातला पाना पिशवीत ठेवला. "मॅडम, यात स्क्रू नाही," म्हणाला, आणि त्यानंतर तो राईत यायचं टाळू लागला.

मला भीती नव्हती वाटत. उलट मजा वाटत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आकड्यांनी मला अशी हुलकावणी दिली होती. विभागप्रमुख बाईंना मात्र कोड्यांत रस नव्हता. "शून्यच नसेल तर मोजणार कुठून? शुक्रवारपर्यंत सपाट रेघ द्या, नाहीतर आहे तो अहवाल वर जाईल."

मी मामाला सगळं सांगितलं. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून तो ऐकत होता. बाहेर राईत वारा नव्हता.

"म्हणजे तुला तिथे कुणीतरी मेलेलं हवंय."

"हो. आणि तिथे मरायला कुणी तयार नाही."

"मग मला बांध." त्यानं मनगट पुढे केलं.

"मामा, काहीतरीच काय!"

"बांध गं. नाहीतरी वठायलाच आलोय."

आम्ही दोघंही हसलो. खरं तर माणसाच्या मनगटाची रेघ कशी येते, हे बघायची मलाही उत्सुकता होती. मी पट्टी बांधली. तो ती मिरवत राईत फेरी मारायला गेला.

सकाळी संगणक उघडला आणि मी खुर्चीतून उठलेच. वठलेलं झाड सपाट. खांब सपाट. नळ सपाट. तिघंही काल संध्याकाळी एकाच क्षणी थांबले होते. हिरवी झाडं तेवढी श्वास घेतल्यासारखी खालीवर होत होती. मी वजाबाकी केली. राई जिवंत होती, तीही चांगली धडधाकट. दुपारपर्यंत बाईंनी सही केली. तोड रद्द.

मामाला फोन लावणार, तेवढ्यात पडद्यावर अगदी खाली चौथी रेघ दिसली. मामाची. संध्याकाळपर्यंत तिच्यात नुसता गोंधळ होता, उठणं-बसणं, हात हलवणं.

त्यानंतर सपाट.

पट्टी काढून टेबलावर ठेवली असेल, असं मी स्वतःला बजावलं. गाडी काढली. वाटेत दोनदा फोन केला, आणि दोन्ही वेळा त्यानं तो उचलला. "ये ना, घरीच आहे," म्हणाला.

तो खिडकीजवळच बसला होता. पट्टी मनगटावरच होती.

"राई वाचली, मामा."

"कळलं मला." चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"आण, ती पट्टी काढते."

"राहू दे की. चाललंय ना तुझं काम?"

मी ऐकलं नाही. त्याच्यासमोर खाली बसले आणि पट्टी सोडवली. कातडीवर साधा वळही उठला नव्हता. हात कोरडा होता आणि गार.

"यंदा पालवी लवकर येणार बघ," मामा सांगत होता. "त्या वठलेल्यालासुद्धा."

मी त्याच्या नाडीवर अंगठा ठेवला. जरा सरकवला. पुन्हा ठेवला.

मामा बोलतच होता.