गादीखालचा कोरा कागद

बाळांना ऊब देणारा वॉर्मर पुन्हा बोंबलला. शाहीनच्या बाळाचं अंग तापलं होतं. पोटावरचा सेन्सर सुटून बाहेर लोंबत होता. बाळ गार पडलं समजून यंत्र जास्तच तापत गेलं होतं. इन्चार्ज सिस्टर शिवरंजनीनं आधी आच कमी केली, मग बाळाला हात लावला. श्वास चालू होता.

उमरग्याच्या या बाल रुग्णालयात, अतिदक्षता विभागात, पंधरा दिवसांत हे तिसऱ्यांदा घडलं. दरवेळी वॉर्मर वेगळा, वेळ मात्र दिवेलागणीची. आत कुणीतरी फिरतं, असं बाहेरच्या बाकावर बायका कुजबुजायच्या. शिवरंजनीला असल्या गप्पांची चीड होती. पण खरं सांगायचं तर हल्ली एकटीनं आत जाताना तिच्याही अंगावर काटा यायचा.

बाळाची आजी शरिफाबी दार अडवून उभी होती.

"लेकरू आत्ताच्या आत्ता द्या. हितं कायतर हाय."

"आजी, ऑक्सिजन काढला तर ते वाटेतच जाईल."

"अन् ठिवलं तर भाजून मरंल."

शिवरंजनीनं तासभर मागून घेतला.

यंत्रं सांभाळणाऱ्या आयुबनं वॉर्मर तपासला, गादी उचलली आणि हात मागं घेतला. खाली घडी घातलेला कोरा कागद होता.

"करणी हाय का काय सिस्टर?"

"यंत्राचं बोला."

"ठणठणीत हाय."

"मग सेन्सरची पट्टी का सुटली?"

त्यानं पट्टी बोटानं चोळली. "तेलकट लागतीय. पर आत तेल आणायला तर बंदी हाय!"

शिवरंजनीनं तिन्ही बाळांच्या फायली काढल्या. जन्मतारखा वाचल्या आणि फरशी पुसणाऱ्या मथुराबाईंना दारापाशी बोलावलं.

"मावशी, सात वाजता आत कोण होतं?"

"म्या. पुसत हुते."

"बाळाला हात लावला?"

"न्हाय."

"मग मीच सांगते. तिन्ही बाळांचा तो पाचवा दिवस होता. पाचवीला सटवाई नशीब लिहायला येते, म्हणून कोरा कागद ठेवतात. पण शाहीनच्या घरी सहाव्या दिवशी छठी करतात, तीही उद्या. म्हणजे हे घरच्यांचं काम नाही, आतल्याच कुणाचं तरी. ड्यूटी बदलताना आम्ही सगळ्या टेबलापाशी असतो. बाळांजवळ तुम्ही एकट्याच. पाचवीचं म्हणून तुम्ही पोटाला तेल लावलंत, त्यानं पट्टी सुटली."

मथुराबाई दारापाशीच खाली बसल्या. "लेकरांच्या आया बाहीर ऱ्हात्यात. लेकरांची पाचवी कोण करणार? सटवाई रिकामीच माघारी गेली तर?"

"यंत्र ओरडत होतं, तेव्हा तरी कळायचं!"

"मला वाटायचं, आली सटवाई."

"बाळ मेलं असतं, मावशी!" शिवरंजनी ओरडली.

"माझी चवथ्याच दिशी गेली. तिची पाचवी झालीच न्हाय."

शिवरंजनीला वाईट वाटलं, पण राग काही ओसरला नाही. उद्यापासून मथुराबाईंनी आत यायचं नाही असं तिनं सांगितलं आणि डॉक्टरांसाठी सगळं लिहून काढलं.

शरिफाबीनं सारं ऐकलं होतं. "लेकरू राहू द्या हितंच," ती म्हणाली. मग मथुराबाईंजवळ जमिनीवर बसली.

"पोरीचं नाव काय होतं, बाई?"

"ठिवलंच न्हाय. बारशापतूर राहिलीच कुठं ती."