मंगळवारचं गरम पाणी

"सायकली तीन, डबा एक, आणि बुडायचं कोणीच नाही. ठरलं?" वकील म्हणाला.

वकील म्हणजे खालच्या शिंप्यांचा मुलगा. वय वर्षं बारा. कोर्ट त्याने बाहेरूनसुद्धा पाहिलं नव्हतं, पण वाद घातल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे. त्याची बहीण छोटी आठ वर्षांची. 'हात लावू नये' असं लिहिलेलं दिसलं की तिथे पहिला हात तिचा. आणि तिसरी पाना. तिची आई प्लंबर. आईला पाने-पकडी उचलून देता देता हे नाव तिला लहानपणीच चिकटलं होतं. सुट्टी नुकतीच लागली होती आणि तिघं जिन्यात बसून तलावावर जायचा बेत करत होती.

तेवढ्यात वरून गीझरकाका आले. हातात भरलेली बादली. ती त्यांनी पानाच्या दारात ठेवली आणि बेल दाबली.

आईने दार उघडलं. ती कामावर निघाली होती, खांद्याला हत्यारांची पिशवी होती.

"घाला हात," गीझरकाका म्हणाले. "ही तुमच्या उन्हाची करामत. मी या वयात असल्या पाण्याने अंघोळ करायची?"

आईने बोटं बुडवली. त्या पाण्याला कोमट म्हणणंही जिवावर आलं असतं.

"संध्याकाळी पुन्हा बघते, काका."

"तीन आठवडे बघताच आहात. आज सहाला सभा आहे. आम्ही आपले गीझर परत लावतो. आणि सोसायटीच्या पुढच्या इमारतींचं काम तुम्हाला द्यायचं की नाही, तेही आजच ठरेल."

बादली तिथेच सोडून ते वर गेले. आईने ती उचलली, मोरीत ओतली, धुऊन त्यांच्या दाराशी ठेवून आली आणि कामाला गेली.

गीझरकाकांनी आयुष्यभर गीझर विकले होते, त्यामुळे त्यांचा राग समजण्यासारखा होता. पण आता सगळी इमारतच त्यांच्या बाजूला गेली होती. इमारतीत सोळा घरं, खाली तीन दुकानं. पूर्वी सकाळी सोळा गीझर एकदम सुरू व्हायचे आणि तारा तापून दिवे जायचे. ऊन मात्र इथे असं, की चादर वाळत घालून मागे वळावं तर ती वाळलेली. मग गच्चीवर काळ्या काचेची तावदानं बसली, एक मोठी टाकी आली आणि सगळ्यांना मिळून उन्हावर तापलेलं पाणी मिळू लागलं. सगळी जोडणी पानाच्या आईने केली. पहिला महिनाभर लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. मग पाणी कोमट झालं आणि त्याच लोकांनी तिला खाली आदळलं.

आईने सोळाही घरांतले नळ तपासले होते. गच्चीवरचे सांधे दोनदा उघडून बसवले होते, तेही कामाच्या आधी पहाटे, नाहीतर कामानंतर दिवेलागणीला. काल ती भिंतीला टेकून स्वतःशीच म्हणाली होती, "मला काम येतच नाही की काय." पानाने ते ऐकलं होतं.

त्यात बाबा. खालचं केशकर्तनालय त्यांचं. मागच्या सभेत कोणीतरी त्यांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं?" बाबा म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही बुवा," आणि दुकानात निघून गेले. त्या दिवसापासून घरात बोलणं उरलं होतं ते 'मीठ द्या' आणि 'दार लावा' एवढंच.

"तलाव उद्याही तिथेच असेल," पाना उठत म्हणाली. "मी गच्चीवर चालले."

"तिथे तुझ्या आईला काही सापडलं नाही, तुला काय सापडणार?" वकील म्हणाला.

"आई जाते पहाटे किंवा अंधार पडताना. भर दिवसा तिथे कोण जातं?"

वकिलाने वाद घालायला तोंड उघडलं, मुद्दा सापडला नाही म्हणून मिटलं, आणि तोही निघाला.

गच्ची तव्यासारखी तापली होती. टाकीच्या कडेला मात्र ओला डाग होता आणि दोन चिमण्या त्यात मजेत पाणी पीत होत्या.

"सांधा गळतोय," वकील म्हणाला.

"आईलाही तेच वाटलं. पण सांधा कोरडा आहे, बघ."

छोटीचा हात तोवर नळीवर पोचला होता. टाकीतली हवा बाहेर जावी म्हणून एक उभी नळी वर काढलेली होती. नळीच्या तोंडातून पाण्याचा थेंब आला, घरंगळला, मागून दुसरा आला.

"आई गं! चटका बसतो," छोटी बोट चोखत म्हणाली.

टाकीतलं गरम पाणी वरून सांडत होतं. म्हणजे खालून दुसरं पाणी आत घुसत होतं.

"कुठून?" वकिलाने विचारलं. पाना दोघांना घेऊन सरळ चौथ्या मजल्यावर मोठ्या बाईंकडे गेली.

मोठ्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका आणि सोसायटीच्या अध्यक्षा. रोज सकाळी बादलीत तापमापक बुडवून आकडा वहीत लिहायचा, हा त्यांचा नेम.

"तक्रार घेऊन आला असाल तर सहा वाजता या," त्या म्हणाल्या.

"तक्रार नाही, बाई. वही बघायची आहे."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि वही पुढे केली. चौतीस अंश, तेहेतीस, चौतीस... आणि मध्येच अठ्ठावन्न. पुन्हा चौतीस, पस्तीस, आणि सात दिवसांनी सत्तावन्न.

"हे चुकून लिहिलंय का, बाई?" वकिलाने विचारलं.

"माझं चुकत नाही."

पानाने बोट ठेवून वार वाचले. मंगळवार. मंगळवार. तिन्ही आठवड्यांत मंगळवारी सकाळी पाणी कडकडीत होतं.

"म्हणजे सोमवारी दिवसभर टाकी नीट तापते," ती हळू म्हणाली. "सोमवारी असं काय होतं?"

"काही होत नाही. उलट सोमवारी तर..." वकील बोलता बोलता थांबला. शिंप्यांचं दुकान रविवारी बंद असे. वाण्याचं कधीच बंद नसे. सोमवारी बंद असणारं दुकान इमारतीत एकच होतं.

पाना जिना उतरू लागली.

दुकानात बाबा एका गिऱ्हाइकाची दाढी करत होते. "काय गं, तलावावर गेली नाहीस?" त्यांनी आरशातूनच विचारलं. पानाने मान हलवली आणि कोपऱ्यातल्या केस धुवायच्या बेसिनपाशी ती वाकली. आईने तिथे साधे दोन नळ बसवले होते, खाली बादली आणि मग. आता तिथे दोन्ही नळांना जोडलेला चकचकीत हातफवारा लटकत होता. मुठीवरचं बटण दाबलं की पाणी यायचं, सोडलं की बंद.

"कसा आहे?" बाबा खुशीत म्हणाले. "तीन आठवडे झाले. आईची धावपळ चाललेली, म्हटलं तिला कशाला त्रास, मीच बसवला. सकाळी एकदा हवं तसं पाणी जमवून ठेवायचं, दिवसभर नळाला हात लावायला नको. रात्री दुकान बंद करताना नळ बंद केले की झालं."

दोन्ही नळ उघडे होते. बटण सुटलेलं होतं, म्हणून पाणी बाहेर येत नव्हतं. पण दुकानाचं थंड पाणी रस्त्यावरच्या मोठ्या पाइपातून जोरात येई आणि गरम पाणी गच्चीवरून सावकाश उतरे. बाहेर वाट नसली की जोरातलं पाणी कुठे जाणार? गरम पाण्याच्या पाइपातून उलटं वर, टाकीत. पानाने गरम पाण्याच्या पाइपाला हात लावला. तो गार होता.

बाहेर येऊन तिने वकिलाला सगळं सांगितलं.

"सुटलं की कोडं," वकील म्हणाला. "आता सभेत सांगून टाक."

"सगळे बाबांना हसतील. नवऱ्यानेच बायकोचं काम बिघडवलं म्हणतील."

"आणि नाही सांगितलंस तर?"

ते पानालाही कळत होतं. आधी खात्री करू, असं म्हणून तिने छोटीला गच्चीवर पिटाळलं आणि वकिलाला जिन्यात मध्यावर उभं केलं. गिऱ्हाईक गेल्यावर ती बाबांना म्हणाली, "दहा मिनिटं दोन्ही नळ बंद ठेवते. का ते विचारू नका."

दहा मिनिटांनी जिन्यातून वकिलाचा आवाज आला, "थेंब थांबला!"

तिने नळ उघडले. जरा वेळाने पुन्हा आवाज आला, "सुरू झाला!"

बाबांच्या हातात टॉवेल होता तो तसाच राहिला. ते मूर्ख नव्हते. त्यांनी फवाऱ्याकडे पाहिलं, मग छताकडे, मग लेकीकडे.

"हे... यामुळे?"

पानाने मान डोलावली. तिला रडू आलं. बाबांनी वाकून दोन्ही नळ घट्ट बंद केले आणि खुर्चीवर बसले, गिऱ्हाइकाच्या.

"आईला सांगितलंस?"

"नाही. तुम्ही सांगा ना, बाबा."

बाबा हातातल्या टॉवेलची घडी घालत राहिले.

सहा वाजता अंगणात सभा भरली. गीझरकाका पहिल्या रांगेत. बाबा कुठेच दिसत नव्हते. मोठ्या बाईंनी विषय वाचायच्या आतच आई उभी राहिली.

"वाद नको," ती म्हणाली. "मी सगळं तपासलं, मला दोष सापडला नाही. म्हणजे चूक माझीच असणार. पुढच्या इमारतींचं काम तुम्ही दुसऱ्या कोणाला द्या."

आईचा आवाज शांत होता, आणि तो तसा शांत असणंच पानाला सहन झालं नाही. ती उठली.

"दोष सापडलाय! थंड पाणी एका ठिकाणाहून गरम पाइपात घुसतंय. बाईंच्या वहीत पुरावा आहे. आम्ही करूनही बघितलंय."

"कुठून घुसतंय?" गीझरकाकांनी विचारलं.

पानाने आईकडे पाहिलं. सगळे पानाकडे बघत होते. वकिलाने तिच्या बाहीला धरलं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा तो गप्प होता.

"माझ्या दुकानातून," मागून आवाज आला.

बाबा फाटकापाशी उभे होते, कमरेला अजून दुकानाचा एप्रन. ते पुढे आले आणि फवारा कसा बसवला, नळ उघडे का ठेवले, सगळं सांगितलं. "मागच्या सभेत मला विचारलंत तेव्हा मी अंग काढून घेतलं," ते म्हणाले. "कळत नव्हतं, तर निदान हिला काम येतं एवढं तरी म्हणायला हवं होतं."

"वा! दिव्याखाली अंधार," गीझरकाका म्हणाले, आणि काहीजण हसले.

आई हसली नाही. ती तडक दुकानात गेली, सगळी सभा तिच्या मागे. तिने पाइप बघितला, नळ बघितले, मग सगळ्यांकडे वळली. "इथे पाणी उलट जाऊ न देणारी झडप हवी होती. साधे नळ आहेत, कशाला हवी, म्हणून मी ती लावली नाही. आणि आपलंच दुकान म्हणून मी इथे एकदाही डोकावले नाही. तेवढी चूक माझी. उद्या झडप बसवते."

"आणि पुढच्या इमारतींत?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"प्रत्येक दुकानाला बसवीन."

"ऐकलंत?" मोठ्या बाई सगळ्यांना म्हणाल्या. "म्हणजे काम हिच्याकडेच राहतं. गीझर काही परत येत नाहीत. कोणाचा विरोध?" गीझरकाकांनी हात अर्धा वर केला आणि त्याच हाताने डोकं खाजवलं. मग बाई तिघांकडे वळल्या. "चाळीस वर्षं मुलांना सांगत आले, निरीक्षण करा. रोज आकडे लिहीत होते, पण वार काही मी बघितला नाही. तो तुम्ही बघितलात. शाबास."

छोटीने लगेच विचारलं, "मग बक्षीस?" वकिलाने तिचं तोंड दाबलं.

त्या रात्री तिघं जेवायला बसली. "पंधरा-वीस दिवस मला वाटत होतं, माझे हातच वाया गेलेत," आई एवढंच म्हणाली. बाबांनी तिच्या ताटात भाकरी वाढली.

झडप दुसऱ्याच दिवशी बसली. सोमवारी, दुकान बंद असताना, बाबा स्वच्छ शर्ट घालून आईपुढे उभे राहिले. "घराघरात सांगून येऊ, नळ उघडे ठेवू नका म्हणून. चल."

पानाही मागोमाग गेली. पहिलं दार उघडलं आणि नळाबद्दल काही बोलायच्या आधी बाबा म्हणाले, "चूक माझी होती, हिची नव्हती." दुसऱ्या दाराशी तेच. तिसऱ्या दाराशी काकू चहाला बोलवत होत्या, तरी आधी तेच.

जिन्यात आई थांबली. "अहो, पुरे आता. कळलं सगळ्यांना."

"सभेला सगळे कुठे होते?" बाबा म्हणाले. "अजून बारा दारं राहिलीत."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. मग दोन पायऱ्या पुढे चढून चौथ्या दाराची बेल तिनेच वाजवली.