काचेकडे पाठ करून

त्याच्या डाव्या कानाच्या पाळीत सेफ्टी पिन होती. सरळ नव्हे, साधारण तीस अंशांत तिरकी. आणि तिच्या टोकाशी काळ्या दोऱ्याचा एक बारीक धागा अडकला होता. म्हणजे ही पिन आधी कुठल्यातरी कपड्याला होती आणि बहुधा आजच घाईत कानात गेली होती. हे सगळं तिच्या लक्षात आलं, तेव्हा खरं तर ती त्याच्याकडे पाहतही नव्हती. ती हेडफोन पुसत होती.

"दागिने काढावे लागतील," ती म्हणाली.

"दागिने!" तो खूश झाला. "माझ्या आईला एकदा सांगा ना हे. ती याला गंज म्हणते."

त्याने एकेक पिन काढून स्टीलच्या ट्रेमध्ये टाकली. डाव्या कानातल्या तीन, उजव्यातली एक. मग त्याने भुवईतल्या कडीला हात लावला.

"ती राहू द्या," ती म्हणाली. "भुवईने ऐकू येत नाही."

तो हसला. तिने पटकन कागद हातात घेतला.

कानांच्या दवाखान्यात ऐकू येण्याची तपासणी करणं हे तिचं काम. एक छोटी बंद खोली, तिच्या भिंतींना जाड फोम, एका बाजूला काच. काचेच्या आत पेशंट, बाहेर ती आणि तिचं मशीन. ती आवाज सोडायची, पेशंटने बोट वर करायचं. शिकायला येणाऱ्या मुलींना ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावायची... खुर्ची काचेकडे पाठ करून ठेवा.

"पाठ का?" त्याने विचारलं.

"माझा हात हललेला दिसला, की माणसं आवाज न येताच बोट वर करतात."

"म्हणजे तुम्हाला बघून?"

"बटणाला बघून."

तो तीन वेळा मागे वळला. तिने तीनदा काचेवर टकटक केली. चौथ्या वेळी तो शहाण्यासारखा बसला, आणि अचानक त्याचं बोट वर गेलं. तिने बटण दाबलंच नव्हतं.

"आत्ता आवाज नव्हता," ती माइकमध्ये म्हणाली.

"मला वाटलं... असावा."

असे चुकीचे होकार पुष्कळ लोक देतात. मशीनच्या पुस्तकात त्याला एक रुक्ष शब्द होता. ती मनातल्या मनात त्याला आशा म्हणायची.

तपासणी संपल्यावर तिने त्याला आलेख दाखवला. "इथे खड्डा आहे. बारीक, उंच आवाज तुम्हाला कमी येतात. ड्रम वाजवता?"

"मारतो. वाजवणारे वेगळे." त्याने पिना परत कानात अडकवल्या. तिरक्याच. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तू सूरवाल्यांची लेक ना? दुसऱ्या बाकावरची?"

ओळख तिलाही पटलीच होती. त्याला कोण ओळखत नव्हतं? डोक्यावर साबणाने उभे केलेले केस, त्यांची टोकं हिरवी. बेकरीवाल्यांचा धाकटा. अख्खी वस्ती त्याला साळिंदर म्हणायची, मित्र साळू.

"हो," ती म्हणाली.

"वरचे आवाज मला कमी येत असतील. खालचे येतात. सभेत सूर तुझे बाबा देत नाहीत. तू देतेस."

तिने रिकामा ट्रे उचलून पुन्हा पुसायला घेतला. "पुढचा पेशंट," ती दाराकडे बघून म्हणाली. दाराशी कोणीच नव्हतं.

*

त्यांच्या पंथात वाद्यं चालत नसत. आठवड्यातून एकदा सगळे प्रार्थनाघरात जमायचे, बायका राखाडी रुमाल बांधून डावीकडे, पुरुष उजवीकडे. एकच लोखंडी वस्तू आत न्यायची परवानगी होती. ती म्हणजे तिच्या बाबांच्या खिशातला नादकाटा, दोन पायांचा पोलादी चिमटा. बाबा तो बाकाच्या कडेवर आपटायचे, कानाशी धरायचे आणि त्याचा सूर गुणगुणायचे. मग दोनशे माणसं त्या सुरावर गायला लागायची. सूर फक्त पुरुषाने द्यायचा. तीन पिढ्या तो त्यांच्याच घरातून निघत होता.

दोन वर्षांपूर्वी एके दिवशी बाबांनी काटा कानाशी धरला आणि धरूनच ठेवला. त्यांच्या तोंडून काहीच निघेना. ती पुरुषांच्या बाजूला, बाबांच्या बरोबर मागे, सूर देणाऱ्याच्या लेकीसाठी राखलेल्या जागेवर बसली होती. तिच्या तोंडून सूर निघून गेला, अगदी खालच्या पट्टीत. बाबांनी तोंड उघडलं, पुढच्या बाकांनी तो उचलला आणि वेळ निभावली. त्यानंतर दर आठवड्याला तेच. घरी यावर कधी एक अक्षर नाही. बाबांना कळतं की नाही, हेही तिला कळत नव्हतं.

आणि इथेच घोडं अडलं होतं. वीस पूर्ण झालेल्या प्रत्येकाला सभेत उभं राहून सांगावं लागे... राहतो की जातो. जाणाऱ्याला कोणी घराबाहेर काढत नसे. फक्त त्याने पुढे शेवटच्या बाकावर बसायचं आणि कायम गप्प राहायचं, गायचं नाही. 'अजून नाही' असं दोनदा म्हणायची मुभा होती. तिची दोन्ही वापरून झाली होती. साळूने गेल्याच वर्षी पहिल्या फटक्यात 'जातो' म्हटलं होतं, तेही शर्टाच्या बाह्या फाडून. तरीही दर आठवड्याला तो शेवटच्या बाकावर येऊन बसायचा. का, ते कोणालाच उमगत नव्हतं.

"झोप छान लागते," त्याने तिला सांगितलं.

हे त्याने सांगितलं ते टायरच्या दुकानाखालच्या तळघरात. त्याला कानात घालायचे फोमचे बोळे द्यायला म्हणून ती गेली होती. दवाखान्याचं काम म्हणूनच. सोबत आवाज मोजायचं यंत्रही घेतलं होतं, म्हणजे ते कामच वाटलं असतं.

तिथे सुतारांची मुलगी ठिणगी माइक गिळल्यासारखी ओरडत होती, साळू ड्रम मारत होता आणि एक उंच मुलगा गिटारच्या दोन तारांवर भागवत होता. तिघंही याच वस्तीतली, याच बाकांवर वाढलेली.

"एकशे आठ डेसिबल," गाणं संपल्यावर ती म्हणाली.

"आवडलं का ते सांग!" ठिणगीने विचारलं.

"मोजलं."

"अगं बाई, ही तर डेसिबलबाई निघाली."

नाव चिकटलं. ती पुन्हा गेली, बोळे संपले असतील म्हणून. मग बोळे संपले नसतील तरी गेली. आवडलं का, या प्रश्नाचं उत्तर तिला अजूनही देता येत नव्हतं. तो गोंगाट होता, सुराचा पत्ता नव्हता, पण घरी परतताना तिची पावलं त्याच ठेक्यावर पडायची. एका दुपारी ठिणगीने केस कापायचं मशीन फिरवून तिच्या डाव्या कानावरचे केस दोन बोटं रुंद साफ उडवले. रुमालाखाली ते कोणाला दिसत नव्हतं. रुमालाला मात्र ते कळत होतं. तो घसरायचा.

साळूसमोर तो एकदा पूर्णच घसरला. तो पाहत राहिला.

"काय?" ती म्हणाली.

"काही नाही. कान छान आहे."

"कान सगळ्यांचे सारखेच असतात."

"हे तू म्हणतेस? रोज दहा कान बघतेस तू."

"म्हणूनच म्हणते." तिने रुमाल ओढला. तिचे गाल तापले होते. तापमान मोजलं असतं तर किती आलं असतं, असा एक मूर्ख विचार मनात आला.

"पुढच्या आठवड्यात तुझी पाळी," तो म्हणाला. "आणि त्यानंतर आम्ही निघतोय. ठिणगीच्या आत्याकडे, मोठ्या शहरात. तिथे वाजवायला जागा मिळते."

"माहिती आहे. मग... तू काही म्हणणार नाहीस?"

"नाही."

"एक शब्दही नाही?"

"मी 'चल' म्हटलं आणि तू आलीस, तर तू माझ्यामुळे आलीस. नाही आलीस, तरी माझ्यामुळेच. दोन्हीकडून मीच मरतो."

"फार शहाणा आहेस."

"शहाणा असतो तर कानात बोळे घालून जन्मलो असतो." तो दोन्ही काठ्या बोटांत फिरवत बसला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्या त्या खोलीत मी एकदा बोललो होतो. पाठमोरा असताना. काचेतून तुला ऐकू आलं नाही."

"काय बोललास?"

"आता कसं सांगू? तपासणी संपली."

तिला रडू आलं की हसू, हे तिलाच ठरवता येईना. रात्रंदिवस शून्य ते शंभरात सगळं बसवणारी ती, आणि हे एवढंसं कुठल्याच खान्यात बसत नव्हतं. राहायचं असेल तर कशासाठी? बाबांसाठी, गाण्यासाठी की सवयीपोटी? जायचं असेल तर त्याच्यासाठी, की त्या दोन बोटं जागेवर लागणाऱ्या वाऱ्यासाठी?

*

शेवटी तिने तिला येत होतं तेच केलं. कानातला मळ काढायचा म्हणून बाबांना दवाखान्यात आणलं आणि हळूच खोलीत बसवलं. बाबांना 'पाठ करा' म्हणायला तिची जीभ रेटेना. जन्मदात्याला भिंतीकडे तोंड करून कसं बसवायचं? ते काचेतून तिच्याकडे बघत, मांडीवर हात ठेवून बसले. प्रत्येक आवाजाला त्यांचं बोट वर गेलं. एकही चुकलं नाही. आलेख वीस वर्षांच्या पोरासारखा आला.

ती हरखली, आणि मग आणखीच गोंधळली. बाबांना ऐकू येतं? मग दोन वर्षं ती कोणासाठी गुणगुणत होती?

संध्याकाळी तिने तळघरात साळूला आलेख दाखवला. त्याने तो दिव्याखाली धरला. "पाठ करून बसवलंस ना?" त्याने विचारलं.

ती उभीच राहिली. जी चूक शिकाऊ मुलींना पहिल्याच दिवशी करू देत नसे, ती तिने स्वतः केली होती.

दुसऱ्या दिवशी तिने बाबांना पुन्हा नेलं आणि खुर्ची स्वतःच्या हाताने फिरवली. बाबा तिच्याकडे पाहून एवढंच म्हणाले, "आलं का लक्षात?" आणि पाठ करून बसले.

तिने आवाज सोडला. बोट हललं नाही. वाढवला. नाही. आणखी वाढवला. त्यांची पाठ ताठ होती, मान किंचित पुढे, फार लक्ष देणाऱ्या माणसाची असते तशी. आणि मग, काहीच सोडलेलं नसताना, त्यांचं बोट हळूच वर आलं. तिने डोळे मिटले.

ती आत जाऊन त्यांच्यासमोर खाली बसली.

"काल तुझ्या खांद्याकडे बघत होतो," बाबा जरा मोठ्यानेच म्हणाले. "बटण दाबताना उजवा खांदा उचलतेस. लहानपणी पेन्सिल धरतानाही उचलायचीस."

"आणि सभेत?" तिने ओठ नीट दिसतील असं, सावकाश विचारलं.

"सभेत तुझा श्वास मानेला लागतो. तो लागला की तोंड उघडतो. गेलं वर्षभर नुसतंच उघडतो." त्यांनी खिशातला काटा चाचपला. "दोनदा 'अजून नाही' म्हणालीस, ते माझ्यासाठी?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"मला वाटलं त्या साळिंदरासाठी. सभेत तुझ्याकडेच बघत असायचा तो. म्हटलं, पोरीचा घोळ मिटेपर्यंत आपण दम धरू. म्हणून गप्प बसलो. नाहीतर केव्हाच सांगून मोकळा झालो असतो."

"म्हणजे मी तुमच्यासाठी थांबले, आणि तुम्ही माझ्यासाठी?"

"कठीण आहे आपलं," बाबा म्हणाले, आणि दोघंही त्या फोमच्या खोलीत हसली. तिथे हसण्याचा प्रतिध्वनी येत नाही. हसू आपलं आपल्यापाशीच राहतं.

*

सभेच्या दिवशी बाबांनी काटा खिशातून काढला, पण आपटला नाही. तो त्यांनी शेजारच्या सुतारांच्या हातात ठेवला. "मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "बरेच दिवस झाले."

सुतार बिचारे घाबरले. त्यांनी सूर इतका वर लावला, की तिसऱ्या ओळीला आज्यांची चिरचिर झाली आणि एका बाकावर हशा पिकला. तरी गाणं शेवटपर्यंत गेलं. तिच्याशिवाय गेलं. तिला वाईट वाटलं, आणि त्याच क्षणी इतकं हलकंही वाटलं, की तिने बाकाची कड धरली.

आता तिच्याजवळ कारण उरलं नव्हतं. बाबा नाहीत, काटा नाही. कोणाच्या मागे लपायला जागा नव्हती. बंद खोलीत हेडफोन घालून बसल्यासारखं झालं... आवाज आला, की नुसता यावासा वाटला?

"सूरवाल्यांची लेक," सभेचे प्रमुख, थोरले काका उभे राहून म्हणाले. "बाळ, आता तिसऱ्यांदा विचारतोय. राहतेस की जातेस?"

ती उभी राहिली. बाबांकडे पाहिलं, तर ते खाली, आपल्या रिकाम्या हातांकडे बघत होते. त्यांना तिचा चेहरा वाचायचा नव्हता. मग तिने मागे पाहिलं. शेवटच्या बाकावर हिरवी टोकं दिसली. पण साळूचा चेहरा दिसेना. तो दाराकडे तोंड करून बसला होता. अख्ख्या सभेत तो एकटा पाठमोरा होता.

तिला त्याचे डोळे वाचता येऊ नयेत म्हणून.

काहीही आवाज झालेला नसताना त्या पाठीवरून, हिरव्या टोकांच्या शेजारून, एक बोट हळूहळू वर आलं.

तिचा हात रुमालाच्या गाठीकडे गेला. गाठ सुटली. डाव्या कानावरच्या दोन बोटं जागेला प्रार्थनाघरातला गार वारा लागला. कोणीतरी 'अगं बाई' म्हटलं. त्या बोटासाठी जायचं की त्या वाऱ्यासाठी, हे तिला अजूनही नीट कळलं नव्हतं. पण आवाज आला होता, आणि या वेळी तो खराच होता.

"जाते," ती म्हणाली.