केपाच्या वाट्याचा पेला

तो पेला राहू दे तिथेच. ज्याचा आहे तो हात धुवायला गेलाय, आला की पिईल. हसताय काय? बसा जरा. बाहेर भुरभुर चालू आहे, आणि पुढच्या बारमध्ये तुमच्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही.

सांगतो ते चोमिनचं आहे. तोच, कोपऱ्यावरचा बुटका, चाव्या बनवून देणारा. मला साबिनने सांगितलं. साबिन त्या रात्री त्याच्या सोबत होता, आणि साबिन खोटं बोलतो ते फक्त गळाला लागलेल्या माशाच्या लांबीबद्दल.

परवाच्या वर्षीचा चौदा नोव्हेंबर, गुरुवार. चोमिनची बायको एदुर्ने, तिने संध्याकाळी त्याला खारवलेला कॉड आणायला पाठवलं. शनिवारी मुलगी जेवायला येणार होती, आणि खारा मासा दोन रात्री पाण्यात पडल्याशिवाय तोंडात घालवत नाही. ती म्हणाली, बारची फेरी कर, तुझी फेरी काही मी आजवर अडवली नाही, पण मासा आज रात्री भिजत पडला पाहिजे. चोमिनने दुकानातून मासा घेतला. दुकानदाराने जाड पांढऱ्या कागदात गुंडाळून सुतळीने बांधून दिला. पुडकं काखेत मारून चोमिन जुन्या गावातल्या सात गल्ल्यांच्या तोंडाशी आला, तिथे साबिन आणि एलादियो उभे होते.

त्या दिवशी ते तिघेच. चौथा, केपा, सोमवारी गेला होता. मंगळवारी त्याला पुरलं.

तुम्ही करता तशी त्यांची फेरी नव्हती. तुम्ही बिल्बाओभर उंडारता आणि सकाळी कुठे होतो ते आठवत नाही. त्यांचे ठरलेले पाच थांबे. प्रत्येक ठिकाणी जाड बुडाच्या पेल्यात दोन घोट तांबडी वाइन, एक गाणं, की पुढे. चाळीस वर्षं. बारवाला त्यांना विचारत नसे. दारातून किती आले ते बघायचा आणि तितके पेले ओतायचा. गाण्यात खालचा सूर केपाचा. माणूस उंच, ताडासारखा, आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा.

त्यांचे दोन रिवाज होते, ते नीट ऐका.

पहिला असा. फेरीत कुणी मधेच थकला, तर त्याने आपला भरलेला पेला तसाच ठेवायचा. दुसऱ्याने तो उचलून प्यायचा आणि म्हणायचं, "तू घरी जा, तुझ्या जागी मी चालतो." मग थकलेला मोकळा.

दुसरा असा. टोळीतलं कुणी मेलं, तर पहिल्या फेरीत प्रत्येक थांब्यावर त्याचाही पेला ओतायचा. बाजूला ठेवायचा. कुणी हात लावायचा नाही. शेवटच्या बारमधला तेवढा उंबऱ्यावर ओतून द्यायचा, की झाला निरोप.

पहिल्या बारमध्ये मालकाने चार पेले भरले. तीन पुढे, एक कोपऱ्यात. तिघं प्याले. गायला गेले तर खालचा सूरच नाही, गाणं नुसतं हवेत लोंबकळायला लागलं. एलादियोने मधेच तोंड मिटलं.

चोमिनला राग आला. रडायला आलं की त्याला राग येतो, लहानपणापासून तसाच आहे. कोपऱ्यातल्या पेल्याकडे बघून तो म्हणाला, चाळीस वर्षांत हा कधी आधी उठला नाही, आणि आता न सांगता निघून गेला. मेलेल्याला वाइन कशाला? साबिन म्हणाला, चोमिन, नको. पण त्याने पेला उचलला. एका दमात रिकामा केला. आणि वर मोठ्याने म्हणाला,

"थकलास ना, केपा? जा घरी. तुझ्या जागी मी चालतो."

एलादियो हसला. साबिन हसला नाही.

दुसऱ्या बारमध्ये मालकाने दाराकडे बघितलं आणि तीन पेले घेतले. दोन साबिन-एलादियोपुढे ठेवले. तिसरा कोपऱ्यात.

चोमिन म्हणाला, माझा कुठाय? मालक फळी पुसत राहिला. चोमिनने फळीवर थाप मारली. मालक पुसत पुसत त्याच्या हातापर्यंत आला, तिथून फडकं उचललं, आणि हाताच्या पलीकडे पुसायला लागला. मस्करी करतोय, एलादियो म्हणाला. हा मालक मस्करखोर होताच. चोमिनही हसला. म्हणाला, परत येताना ह्याच्या दुकानाची चावी मी वाकडी बनवून देतो.

तिसऱ्या बारमध्ये बाई आहे, मालकीण. तिला मस्करी जमत नाही. तिनेही दोन ओतले आणि एक बाजूला ठेवला. मग साबिनचा हात धरून म्हणाली,

"चोमिनचं ऐकलं. वाईट झालं हो."

…

साबिन सांगत होता, मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तो म्हणाला, बाई, केपा. केपा गेला. ती म्हणाली, हो, तेच, बिचारा चोमिन. चोमिन तिच्यासमोर उभा. हातभर अंतरावर. तो ओरडला. ती शहारली. दार उघडं राहिलंय म्हणाली आणि जाऊन लावून आली.

चोमिनने पुडकं छातीशी धरलं होतं. चेहरा चुन्यासारखा. त्याने खिशातून फोन काढून घरी लावला. खूप बोलला. एदुर्ने, मी इथे आहे, मला कुणी बघत नाही, एदुर्ने, ऐकतेस ना…

तिकडे एदुर्ने गॅसपाशी होती. तिने फोन उचलला. नवऱ्याचं नाव दिसत होतं, पण आवाज नव्हता. नुसता पाऊस. आणि पावसाच्या मागे कुणीतरी गुणगुणत होतं. खालच्या सुरात. खूप खालच्या.

चाळीस वर्षं तिने त्या आवाजाला सूप वाढलं होतं. तिने गॅस बंद केला. एप्रनवरच कोट चढवला आणि घरातल्या सपाता पायात तशाच ठेवून जिना उतरली.

इकडे तिघे चौथ्या थांब्यावर आले. हा थांबा म्हणजे बार नाहीच आता. तीन वर्षांपूर्वी तो बंद झाला, तिथे पर्यटकांच्या बॅगा ठेवायचं दुकान आलं. पण टोळीने थांबा सोडला नव्हता. रोज त्या काचेपुढे उभं राहायचं, एक गाणं म्हणायचं, मग हलायचं. बॅगावाल्याने एकदा पोलीस बोलवायची भाषा केली, तेव्हा हेच चोमिन आणि केपा गळ्यात गळा घालून दुप्पट गायले होते.

दुकान बंद. आत अंधार. काचेत गल्लीचा दिवा.

काचेत तीन माणसं दिसत होती. साबिन. एलादियो. मधे तिसरा.

चोमिन बुटका आहे.

तिसरा उंच होता.

साबिनने मान वळवून बाजूला बघितलं. चोमिनच होता तिथे. म्हणजे असावा. नजर ठरत नव्हती. ओल्या दगडावरून पाय सरकावा तशी सरकत होती. चोमिनचा डावा हात शरीरापासून लांब, कोपरात वाकलेला. कुणी हातात हात अडकवून चालावं तसा.

आणि एलादियो म्हणाला,

"साबिन… आपण दोघंच निघालो होतो ना?"

…

साबिन सांगतो, मलाही क्षणभर तसंच वाटलं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सपाता फटफटल्या.

"चोमिन! मासा कुठाय?"

सगळी गल्ली दणाणली. वरची एक खिडकी उघडली. एदुर्ने सरळ चालत आली, साबिनला ओलांडून, एलादियोला ओलांडून, आणि जिथे नजर ठरत नव्हती तिथे हात घालून तिने नवऱ्याची उजवी बाही पकडली. बाही बर्फासारखी गार, ती नंतर म्हणाली. पण मासा त्याने सोडला नव्हता.

तिने एलादियोला विचारलं, बरोबर कोण कोण होतं? एलादियो म्हणाला, मी आणि साबिन, वहिनी. चोमिनला तर मंगळवारी… मग तिने साबिनकडे बघितलं. साबिनने दोन वाक्यांत सांगितलं. पेला. आणि पेला पिऊन काय बोलला ते.

"गाढवा," ती नवऱ्याला म्हणाली. एवढंच.

साबिन म्हणाला, वहिनी, घेऊन जा त्याला घरी, लगेच. ती नाही म्हणाली. तिचं म्हणणं असं, की फेरी अर्धी टाकून गेला तर तो त्याच जागी राहिला. मेलेल्याच्या. उद्या मी ताट वाढेन आणि माझाच हात त्याच्यापुढे ताट ठेवायला विसरेल. फेरी पुरी करायची. मी येते.

आता तुमच्यात पोरी असतात, तुम्हाला त्याचं काही वाटत नाही. त्या टोळीच्या फेरीत चाळीस वर्षांत बाई चालली नव्हती. साबिनच्या तोंडून ते निघणारच होतं, पण तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ते गिळलं.

तर अशी ती निघाली. सपाता भिजलेल्या, कोटाखाली एप्रन, उजव्या हातात नवरा. नवऱ्याच्या पलीकडे… कुणीतरी. दगडावर पाच जणांची पावलं वाजत होती. साबिनने ती पुन्हा मोजली नाहीत. मोजायची हिंमत नव्हती.

शेवटचा बार. काउंटरवर मालकाचा तरणा मुलगा होता. एदुर्ने पुढे झाली.

"चार भर. आणि एक वेगळा."

त्याने दाराकडे बघितलं. म्हणाला, काकू, तुम्ही तर तिघंच आहात.

"मोजायला सांगितलं नाही. ओतायला सांगितलं."

त्याने ओतले. चार ओळीत, पाचवा कोपऱ्यात. तिने एक पेला चोमिनपुढे सरकवला. चोमिनने धरायला बोटं मिटली. बोटं मिटली, पण पेला जागेवरच. पुन्हा मिटली. पुन्हा. तो रडायला लागला, आणि ते रडणं फक्त तिला ऐकू येत होतं.

मग ती त्याच्या डाव्या बाजूला वळली. तिथे कुणी नव्हतं. ती वर बघत बोलली, उंच माणसाशी बोलावं तसं.

"केपा, तुला एकट्याला जायची भीती वाटते, मला माहीत आहे. तू संडासलासुद्धा कुणाला तरी घेऊन जायचास. मला तुझं वाईट वाटतं. पेटीत ठेवताना तुला मी माझ्या हाताने कपडे घातले, तुझा टाय मी बांधला. पण हा माझा आहे. तो मूर्ख आहे, तो काय वाटेल ते बोलतो. ती बोली मी मानत नाही. हा तुझा पेला. तुझी जागा तुझी, त्याची जागा त्याची. सोड हात."

…

चोमिनचा डावा हात तसाच वाकलेला राहिला.

कोपऱ्यातल्या पेल्यात वाइन थरथरली. बाहेरून गाडी गेली नव्हती. त्या गल्लीत गाडी येतच नाही.

"सोड," ती म्हणाली.

…

आणि मग तिने गायला सुरुवात केली. त्यांचंच गाणं, फेरीचं. खालच्या सुरात. बाईमाणसाला झेपणार नाही इतक्या खालच्या, आवाज फाटत होता, पण तिने सूर वर नेला नाही. केपाची जागा तिने मोकळी ठेवली नाही, की नवऱ्यालाही तिथे उभं केलं नाही. स्वतः उभी राहिली, जिवंत, सपाता घालून. साबिनने वरचा सूर धरला. एलादियोला शब्द आठवेनात, तरी तो तोंड उघडून उभा राहिला. दुसऱ्या कडव्याला मधला सूर आला. घोगरा, रडका.

चोमिन गात होता.

त्याचा डावा हात एकदम खाली पडला. कुणी सोडल्यासारखा.

काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "अरे, चोमिनकाका, तुम्ही कधी आलात?"

चोमिनने पेला उचलला आणि प्याला. अर्धी वाइन शर्टवर सांडली, पण प्याला. एदुर्नेही आपला प्याली. मग कोपऱ्यातला भरलेला पेला घेऊन ती दारात गेली आणि उंबऱ्यावर ओतला. म्हणाली, "जा आता. वाट तुला पाठ आहे."

त्यानंतर ती त्यांच्यात रोज चालते. कुणी विचारलं नाही, तिनेही विचारलं नाही. दारातून चौघं येतात आणि बारवाले चार ओततात. त्या बॅगांच्या दुकानापुढे ती सगळ्यांत मोठ्याने गाते. उद्या संध्याकाळी जाऊन बघा, खोटं वाटत असेल तर.

राहिला मासा. त्या रात्री घरी जाऊन तिने पातेल्यात पाणी घेतलं, सुतळी कापली, पुडकं उलगडलं. बाहेरून कागद पावसाने नुसता दमट झाला होता. आतल्या बाजूला, माशाला चिकटलेल्या घडीत, जिथे दुकानदारानंतर कुणाचा हात पोचला नव्हता, तिथे एक तांबडं वर्तुळ होतं. जाड बुडाचा पेला ठेवल्यावर उमटतं तेवढं.

चोमिन म्हणाला, जाळून टाक. तिने खिळा घेतला आणि कागद स्वयंपाकघरात भिंतीवर ठोकला. म्हणाली, राहू दे. केपा कुठपर्यंत आला होता आणि कुठे थांबला, ते त्यालाही दिसू दे.

मासा शनिवारी उत्तम झाला होता म्हणे.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवलो. कागद तिथेच आहे. पिवळा पडलाय, कडा कुरकुरीत झाल्यात. एदुर्नेची पाठ होती तेव्हा मी हळूच त्या वर्तुळाला बोट लावलं.

…

ओलं होतं.