दुसरी झडप

डिसेंबरात अवचित पावसाची भुरभुर सुरू झाली नसती, तर मी त्या वखारीत शिरलेच नसते. दवाखान्यातली ड्यूटी संपवून खोलीवर चालत निघाले होते. रिक्षा मी करतच नाही.

वखारीत पाडलेल्या घरांचं जुनं लाकूड. कोपऱ्यात एक सागवानी दार उभं होतं… दोन झडपांचं, पितळी कड्यांचं. मी ओल्या हातानं कडी वाजवून पाहिली.

"आवडनं का, मॅडम?" मागून आवाज. अंगावर भुसा, डोळ्यांत हसू. हा हेमकांत, वखारीचा मालक.

"एकच झडप देशात का?" मी विचारलं.

"जोडी शे ही! एकच झडप कोन लेस?"

"मी लेसू. एकटीले एक पुरस. दुसरी मंग पाहू."

"घर कोठे शे?"

"नही आजून," मी म्हटलं. तो इतका हसला की मलाही हसू आवरेना.

आई-वडील गेल्यापासून ब्राह्मणपुरीला भावाच्या घरी दिवाळीला गेले, की वहिनी दारातच विचारायची, "कव्हय जाशी?" आल्या आल्या, कधी जाणार! वाईट नाही ती. पण तो प्रश्न कुणी विचारणार नाही असं एक दार मला हवं होतं, आणि तापीकाठच्या प्रकाशा गावी तेवढ्यासाठी छोटा प्लॉट घेतला होता. खाट घ्यायची नव्हती, म्हणून झडप विटांवर आडवी टाकली आणि दोन वर्षं तिच्यावरच झोपले. पाठ दुखायची. कूस बदलली की खोलीत तेवढाच आवाज.

वखारीवरून जाताना हेमकांत रोज हाक मारायचा, "चहा लेशात का, मॅडम?"

"नको."

"का बरं?"

"मी परतेक गोठले इचारस… याना बिगर अडस का? चहा बिगर अडत नही."

याच्यावाचून अडतं का, एवढंच मी प्रत्येक गोष्टीत बघायचे; आणि आज त्याचा घेतला, तर उद्या मला पाजावा लागेल, हेही होतंच. तो मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा. एकदा तो बाहेरगावी गेला होता. हाक आली नाही, आणि खोलीवर पोचेपर्यंत मी तीनदा मागे वळून पाहिलं. चिडले स्वतःवरच.

रविवारी भाकर बांधून प्रकाशाला जायची, जोत्यावर बसून खायची. भिंती वर आल्या. खुंट्या किती, कोनाडा कुठे, सगळं ठरलं होतं. तिथं माझ्याशी बोलणार कोण, एवढंच ठरवायचं राहून गेलं होतं.

चौकट बसली तशी मी दुसरी झडप घ्यायला वखारीत गेले. कोपरा रिकामा!

"इकी टाकी?" विकली की काय!

हेमकांतनं मागचं गोणपाट बाजूला केलं. झडपेवर खडूनं मोठ्ठं लिहिलेलं— इकायनी, म्हणजे विकली गेली. अक्षरं पुसट झालेली, पुन्हा गिरवलेली.

"कव्हय लिखं हे?"

"तू पहिली लई गयी… त्याच दिवशी." मॅडमची तू कधी झाले, ते माझ्या उशिरा लक्षात आलं.

माझी झडप, त्याची झडप, एकाच टेम्पोत प्रकाशाला आली. त्यानं स्वतः दोन्ही बसवल्या. मग बाहेर उभा राहून म्हणाला, "आतीन कडी लायी देख."

मी कडी लावली. माझं घर. कुणी काही विचारणार नाही… आणि खरंच कुणी काही विचारत नव्हतं. नव्या चुन्याचा वास आला आणि मला रडूच यायला लागलं.

"बराबर बसनी?" दारापलीकडून.

"हां…"

"मंग… निंघू मी?"

मी फटीतून पाहिलं. तो तिथंच उभा होता. मग अगदी हळू—

"रंजिता… मन्हा बिगर अडस का?"

मी कडी काढली. दोन्ही झडपा एकदम उघडल्या.

"अडस," मी म्हटलं. "अन् चहा पीसनी जाय. कप एकच शे. तू कपमा पी, मी बशीमा पेसू."

चहा संपला. टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून कंटाळला. हेमकांत उंबऱ्यावरच बसलेला… आणि मी काही त्याला विचारलं नाही, कव्हय जाशी म्हणून.