काडेपेटीतले डास

मी चुकीच्या दारातून आत शिरले, तिथूनच सगळा घोळ सुरू झाला. आमच्या गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराची तक्रार द्यायला आरोग्य खात्यात गेले होते. पुरावा म्हणून काडेपेटीत एक डासही नेला होता. आत एक तरुण सूक्ष्मदर्शकावर वाकलेला. मान वर न करताच त्याने हात पुढे केला, आणि मी वेड्यासारखी काडेपेटी त्या हातावर ठेवली.

"नर आहे," तो म्हणाला. "मिशा बघा, पिसासारख्या. हा चावत नाही. फुलांचा रस पितो बिचारा."

"मग रात्रभर आम्हाला फोडून काढलं ते कोणी?"

"याच्या बायकोने. तिला अंड्यांसाठी रक्त लागतं." मग त्याने वर पाहिलं… आणि पुढचं वाक्यच विसरला. "म्हणजे… प्रकार ओळखायला मादी आणावी लागेल. न चिरडता."

मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. तोंड उघडं टाकलेली माणसं रोज बघते. पण याने का उघडं टाकलं, ते काही कळेना.

भिंतीवर बसलेली मादी पेल्याखाली धरून नेली. त्याने ती भिंगाखाली ठेवली. तपकिरी, साधीसुधी.

"फारच सुंदर," तो पुटपुटला.

मी लाजले.

"सगळे पाय शाबूत आहेत."

मी लाजणं परत घेतलं.

"बहुतेक क्युलेक्स. घाण पाण्यात अंडी घालते, अंधारात चावते. पण नक्की… आणखी एक आणाल?"

आणखी एक, मग आणखी एक. तो शिकवायचा, मी ऐकायचे, आणि परतताना स्वतःलाच विचारायचे, याला डास हवेत की मी? मधेच गटार साफ झालं. घरात डास उरले नाहीत. मला आनंद व्हायला हवा होता ना? मी मात्र रिकामा पेला घेऊन शेजारच्या काकूंच्या दारात उभी!

"साखर हवी का गं?"

"नाही… डास."

काकूंनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

ताप मात्र बाबांना आला. अंग मोडून काढणारा. दुपारी त्यांच्या घोट्यावर एक काळा डास बसलेला दिसला, पायांवर पांढरे पट्टे. मी पेला झाकून धावतच निघाले. त्याने भिंगसुद्धा उचललं नाही. चेहराच उतरला त्याचा.

"एडिस. डेंगी पसरवणारा. बाबांचं रक्त तपासायला द्या… चला, मीही येतो."

कुंड्या, टाकी, बादल्या, सगळं त्याने पालथं घातलं. शेवटी फ्रिजमागे पालथा पडून पाण्याचा ट्रे ओढून काढला. आत अळ्या वळवळत होत्या. तो ब्रश मागून ट्रे घासत बसला. "नुसतं ओतून भागत नाही. अंडी काठाला चिकटून राहतात."

डेंगीच निघाला. बाबा दवाखान्यात होते तेवढे दिवस तो रोज यायचा. कधी डबा आणायचा, कधी नुसताच माझ्याशेजारी बाकावर बसायचा. बाबा बरे होऊन घरी आले, तरी याचं येणं थांबेना.

"हा मुलगा आमच्या फ्रिजमागे एवढं काय बघतो गं?" बाबांनी विचारलं.  त्या संध्याकाळी तो जायला निघाला आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. मी जिन्यात त्याला गाठलं.

"एडिस एका नजरेत ओळखलात. मग तो साधा क्युलेक्स इतके दिवस नक्की का होत नव्हता?"

तो खालच्या पायरीवर थांबला. चष्मा काढून हातात धरला.

"असाच बोलतो… तुमचा चेहरा धूसर दिसला की जरा धीर येतो. क्युलेक्स पहिल्याच मादीवरून ओळखला होता. नक्की होत नव्हतं ते… तुम्हाला विचारावं की नाही, हे."

 रागवावं की हसावं?

"शेवटचे डास आमच्या घरातले नव्हतेच," मी म्हणाले. "काकूंकडून मागून आणले होते."

"का?"

"एवढे शिकलात, तेवढं ओळखा की!"

तो हसला. मी एक पायरी उतरले.

"आता दिसते?"

"नाही… अजून थोडी धूसर."

मी आणखी एक पायरी उतरले.